चौकाला विचारलेला प्रश्न

पत्नीच्या नेमणुकीचा आदेश आला तेव्हा ती तराजूपाशी बसून कुणाच्या तरी ब्याडगी मिरच्या तोलत होती. होळी होऊन गेलेली, म्हणजे आमच्या धंद्याचे ऐन दिवस. पोस्टमन नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबला. डंक चालू असताना आत पाऊल टाकण्याची त्याची तयारी कधीच नसे. पदराने नाक-तोंड झाकून बसलेली ती तशीच उठली, लखोटा घेतला, उभ्याने वाचला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. डंकावर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असते. त्यामुळे काय झाले ते मला थोडा वेळ कळलेच नाही.

डंक म्हणजे चटणी कुटण्याचे यंत्र. पट्ट्यावर फिरणारा दांडा, त्याने आळीपाळीने उचलली आणि सोडली जाणारी लोखंडी मुसळे, आणि खाली उखळे. वडिलांनी तो कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत, घराच्या पुढच्या खोलीत बसवला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊनही मी शेवटी त्याच्याच मागे उभा राहिलो. फाल्गुनापासून मिरगापर्यंत बायकांची रांग लागे; त्यानंतर मुसळांवर गोणपाट पडे ते पुढच्या थंडीपर्यंत. मी सांगतो आहे ते दिवस नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचे. वाण्याच्या दुकानांतून तयार चटणीची पाकिटे लोंबू लागली होती आणि आमच्या दारातली रांग वर्षागणिक आखूड होत चालली होती.

आदेश चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेचा होता. लग्नाआधीच तिने डी.एड. पूर्ण केले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे तिने मुलाखती दिल्या, याद्यांत नाव शोधले, आणि मग शोधणेही सोडून दिले होते. आता महिन्याच्या आत रुजू व्हायचे होते. न झाल्यास नेमणूक रद्द, असे खाली स्वच्छ लिहिले होते.

संध्याकाळी मुसळे थांबली. यंत्र थांबल्यावर खोलीत जी शांतता होते तिची सवय मला कधी झाली नाही.

"डंक बंद करू या," ती म्हणाली. "नाहीतरी निम्म्याहून जास्त वर्ष झोपलेलाच असतो. तिकडं तुम्हालाही काहीतरी मिळेल. काजूचे कारखाने आहेत."

"आणि नाही बंद केला तर?"

"तर तुम्ही इथं, मी तिथं. शनिवारी एकानं एसटीत बसायचं. पण मी जाणार आहे, हे धरून चाला."

"बघू," मी म्हणालो.

माझ्या बोलण्यात हा शब्द फार येतो. मी हळू बोलणारा माणूस आहे, आणि आमच्या पेठेत हळू बोलणाऱ्याला लोक एकतर आजारी समजतात किंवा शहाणा. मला बहुतेकांनी शहाणा समजले. माझ्या 'बघू'मागे काही विचार असेल असे त्यांना वाटे. त्या दिवसांत मागे काहीच नव्हते. होती ती नुसती धास्ती. तराजू, बायकांशी बोलणे, कुणाची मिरची किती वाळली आहे हे चुरगाळून पाहणे, कुणाचा डबा कुठला हे ध्यानात ठेवणे, हे सारे ती करत असे. मी पट्टा पाहत असे. ती गेल्यावर डंकाचे काय होणार हे मला दिसत होते, आणि डंक गेल्यावर माझे काय होणार हेही. संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारून येण्याचा माझा नेम होता. त्या आठवड्यात मी एक फेरी संपवून दुसरीला लागत असे, आणि घरी आल्यावर पुन्हा चप्पल पायात सरकवत असे. ती काही विचारत नसे. तिने ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती.

अशाच एका फेरीवरून परतताना चौकातल्या तालमीच्या फळ्यापाशी मी थांबलो.

हा फळा म्हणजे आमच्या पेठेचे वर्तमानपत्र. कोण वारले, कुणाला नातू झाला, फुटबॉलच्या सामन्यात कुणी कुणाला हरवले आणि हरलेल्यांनी आता काय करावे, हे सर्व त्यावर खडूने लिहिलेले असे. लिहिणारे गृहस्थ दुकानांच्या पाट्या रंगवत. सारी पेठ त्यांना पेंटर म्हणूनच ओळखे. दर श्रावणात ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत: यंदा गणपतीपुढे देखावा कोणता करावा? सुचवा. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला, झाकणाला चीर. लोक चिठ्ठ्या टाकत. ठरलेल्या रविवारी तालमीत डबा उघडायचा, सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, आणि ज्याचे ऐकले त्याला फेटा बांधायचा. ज्यांचे ऐकले नाही त्यांना का ऐकले नाही ते सांगायचे, नाहीतर भांडण. ही रीत माझ्या जन्माआधीपासूनची असावी.

पुढे, दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, पुण्याच्या संगणक कंपनीत लागलेला माझा भाचा दिवाळीला आला आणि मोठ्या उत्साहाने सांगू लागला की आता मोठमोठ्या कंपन्या आपल्या अडचणी इंटरनेटवर मांडतात, जगभरची अनोळखी माणसे उत्तरे सुचवतात, आणि याला क्राउडसोर्सिंग म्हणतात. मी त्याला एवढेच विचारले, "प्रश्न कोण लिहितं?" तो म्हणाला, "कंपनी. अजून कोण लिहिणार मामा?" त्यावर मी त्याच्या ताटात करंजी वाढली. आतल्या खोलीत पत्नी हसल्याचे मला ऐकू आले.

तर त्या संध्याकाळी मी पेंटरना म्हणालो, "धंद्याचा प्रश्न फळ्यावर घालाल का?"

"घालू की. आता होळी झाली, फळा मोकळाच हाय. काय लिव्हू?"

"डंक बारा महिने कसा चालवावा? सुचवा."

त्यांनी खडू फिरवला. मान कलती करून अक्षराकडे पाहिले. "'चालवावा' बरं दिसतंय. भारदस्त." मग माझ्याकडे वळून, "घरी समदं ठीक हाय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

त्या एका 'हो'ने पुढचे सगळे घडले, असे मला अजून वाटते. आदेशाबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून डबा भरू लागला. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही. तो मागितला तर काय होते हे मी प्रथमच पाहत होतो. फळ्यापाशी घोळका जमे. डंक हातगाडीवर चढवून दारोदार फिरवावा. पन्हाळ्यावर नेऊन पर्यटकांसमोर कुटावे, म्हणजे मुंबईचे पावणे फोटो काढतील आणि शिंकत शिंकत विकत घेतील. पाकिटावर पैलवानाचे चित्र छापावे. पावसाळ्यात शिकेकाई कुटावी. मुसळे मोडीत घालून त्या जागी व्हिडिओ गेम बसवावेत. एकाने चिठ्ठीत इतकेच लिहिले होते, 'आधी तुझा आवाज वाढव.'

"शिकेकाई कुटल्यावर चटणीला फेस यील त्याचं काय?" एकजण फळ्यापाशी म्हणाला.

"तुझ्या बायकोच्या चटणीला आताच येतोय. खाल्लीया मी."

"मग जेवायला येतोस कशाला, लेका?"

मला फार दिवसांनी हलके वाटले. इतकी माणसे माझ्या डंकाचा विचार करत होती, आणि सगळ्यांचे धरून चालणे एकच होते की डंक राहणार. रोज संध्याकाळी पेंटर मला डब्यातल्या चिठ्ठ्या वाचायला देत, मी त्या घरी नेऊन मोठ्याने वाचत असे, आणि सकाळी परत डब्यात टाकत असे. पत्नी मिरच्यांची देठे खुडत बसलेली असे. हातगाडीच्या चिठ्ठीला ती हसलीदेखील. तिच्या हसण्याचा मी मला हवा तो अर्थ घेतला.

पाचसहा संध्याकाळी गेल्या असतील. मी वाचायचे थांबल्यावर तिने हातातली मूठभर देठे सुपात टाकली.

"ह्यातला एकतरी माणूस आपल्या रांगेत कधी बसलाय?"

मी आठवून पाहिले. चिठ्ठ्यांवरची नावे माझ्या ओळखीची होती. त्यांच्या आया, बायका, बहिणी आमच्याकडे येत. ते स्वतः उंबऱ्यापर्यंत पाटी पोचवत आणि नाक दाबून पळत. फळ्यापाशी बायका कधी थांबत नसत. पदर सावरून, नजर खाली ठेवून त्या तिथून जात, कारण तालमीचा कट्टा पुरुषांचा. ज्यांच्या जिवावर डंक चालत होता त्यांच्यापर्यंत माझा प्रश्न पोचलाच नव्हता, आणि तो मी अशा जागी टांगला होता जिथे तो पोचणारही नव्हता.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "कसा चालवावा, हे तुम्ही विचारलंत. चालवावा की बंद करावा, हे नाही."

"ते आपल्या दोघांचं आहे. चौकाला कशाला?"

"मग चौकाला तेवढ्यापुरतं कशाला मधे घेतलंत?"

मी बघू म्हणालो नाही, एवढेच.

त्या आठवड्यात बातमी फुटली. आदेश काही लपणारी गोष्ट नव्हती, पोस्टमन पेठेतलाच. मंडईतून भाजी घेऊन येताना फळ्यापाशी पेंटरांनी तिला हटकले. चार माणसे कट्ट्यावर होती. हे सगळे मला तिनेच घरी येऊन, पिशवी खाली न ठेवता सांगितले.

"वैनी, तुमची आर्डर आलीया म्हणं?"

"आलीय की. होळीच्या आठवड्यातच."

"आणि तुम्ही निघालाय व्हय? हितं समदा चौक डोकं खाजवाय लागलाय डंकासाठी."

"मी जाणार हे त्याच दिवशी घरात सांगितलंय, पेंटर."

"मग ह्यो भाऊ आमच्याकडं येऊन काय बोलला न्हाय त्ये?"

त्यावर कट्ट्यावरचा कुणीतरी म्हणाला होता, "बाई एकदा साळंत शिरली की डंक काय नि दादला काय." आणि बाकीचे हसले होते.

मला चांगले आठवते, पिशवीतून मेथीची जुडी अर्धी बाहेर आली होती आणि ती बोलत असताना हलत होती. आवाज मात्र तिचा साधा होता.

"तुम्ही चौकाला सांगितलं नाहीत."

"वेळ आली की सांगणार होतो."

"वेळ म्हणजे महिना संपल्यावर?"

मी स्वतःला तेव्हाही विचारले आणि नंतरही अनेकदा विचारले आहे. मुदत संपावी असे मी ठरवले नव्हते. पण रोज एक संध्याकाळ चिठ्ठ्यांत जात होती, आणि ती गेल्याचे मला वाईट वाटत नव्हते. शिवाय पेठेत उघड्यावर मागितलेला सल्ला उघड्यावरच पाळावा लागतो. तिचे जाणे आता तिच्या नोकरीसाठीचे जाणे राहिले नव्हते. साऱ्या चौकाचा शब्द मोडून जाणे झाले होते. ते ओझे मी तिच्या डोक्यावर ठेवले होते, आणि एकही शब्द चढ्या आवाजात न बोलता ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग बसली. पाट्या, डबे, फडक्यात बांधलेले खोबरे आणि धणे. मी पट्टा चढवणार इतक्यात पत्नीने हात वर केला.

"थांबा जरा. मला ह्यांच्याशी बोलायचंय." ती रांगेकडे वळली. "मी चंदगडला नोकरीला निघालेय. मी इथं नसले तर तुम्ही इथं याल का? खरं सांगा. आणि यायचं असेल तर काय केलं पाहिजे तेही सांगा."

रांगेच्या टोकाला सीमाभागातून लग्न होऊन आलेल्या एक वयस्क बाई बसत; सगळ्या त्यांना आक्का म्हणत. त्यांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिले.

"न्हाय येणार," त्या म्हणाल्या.

"का, आक्का?"

"तुझ्या नवऱ्याचं ध्यान पट्ट्याकडं. आमच्या डब्याकडं न्हाय. माझ्या आधी हिची जवारी मिरची कुटली, तर ते तिखटजाळ उखळात ऱ्हातंय आणि माझ्यात येतंय. माझ्या म्हाताऱ्याला सोसत न्हाय. तू उखळ पुसतीस. ह्यो पुसल का?"

"पुसंल की, सांगितलं तर," दुसरी म्हणाली. "पण आक्का, मी काय म्हणती, आम्ही हितं अर्धा दीस बसतो कशाला? डबा ठेवून जायचा धीर न्हाय म्हणून. कुणाचं कुणात जाईल म्हणून."

"मला तर सुट्टी काढाय लागती," महानगरपालिकेत कामाला असलेली एक म्हणाली. "म्हणून गेल्या साली पाकीट आणलं. घरात कुणी तोंड लावलं न्हाय त्याला. तरी आणलं."

"फ्लॅटात ऱ्हायला गेल्यापास्नं मिरची वाळवू कुठं? कबुतरांच्या अंगावर?"

आणि मग त्या एकमेकींशी बोलू लागल्या. आमच्याकडे कुणाचे लक्ष राहिले नाही. एक म्हणाली, प्रत्येकीची कापडी पिशवी असावी आणि तिला वेगळ्या रंगाचा दोरा. दुसरी म्हणाली, दोन घरांच्या मधे मूठभर खडेमीठ कुटून काढावे, उखळ लख्ख होते; तिच्या आईकडे तसे करत. मिरच्या डंकाच्या गच्चीवर वाळवाव्यात, देठे खुडायला पेठेतल्याच दोघी बसाव्यात. पावसाळ्यात थोडथोडी कुटून द्यावी, म्हणजे वर्षाची एकदम करायला नको, बरणीला बुरशी नको. यातली कुठलीच गोष्ट एकटीने पुरी सांगितली नाही. एकीचे वाक्य दुसरी तोडत होती, तिसरी जोडत होती, आणि मधूनच कुणाच्या तरी सुनेवर टोमणा जात होता. पाकिटांनी आमचा धंदा खाल्ला असे मी समजत होतो. ऐकता ऐकता कळले की अर्धा दिवस बसून राहण्याने तो खाल्ला होता.

शेवटी आक्का माझ्याकडे वळल्या. "आणि माप आमचं आमी तुला का सांगावं? कुणाच्या घरात किती लसूण पडतीया ते बापय माणसाला कशाला?"

"चौकात जाऊन बोलेन म्हणता?"

"बोलायला तुझा आवाज कुठं हाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग आक्का पत्नीला म्हणाल्या, "तू विचारलं न्हाईस, तरी सांगती. तू जा. हितं कुटायला लोखंडी मुसळं हायती."

रविवारी तालमीत डबा उघडायचा होता. मला जावेसे वाटत नव्हते; जवळजवळ पोट बिघडल्याचे सांगणार होतो. पण रीत अशी की ज्याचा प्रश्न त्याने हजर राहायचे. कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याभोवती माणसे बसली होती. पेंटरनी चिठ्ठ्या वाचल्या, पन्हाळ्याच्या चिठ्ठीला टाळ्या पडल्या, व्हिडिओ गेमच्या चिठ्ठीवर वाद झाला.

"आता बोल," पेंटर म्हणाले. "फेटा कुणाला?"

मी उभा राहिलो. "प्रश्न विचारला त्याच्या आधीच घरात आदेश आला होता," मी म्हणालो. "ती जाणार हे मला माहीत होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. तुम्ही सगळे डंक चालू ठेवा म्हणाल, आणि मग मला घरात काही बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं."

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडले.

मी ते सगळे पुन्हा, मोठ्याने सांगितले. पहिल्यापेक्षा ते फार वाईट ऐकू आले.

"मग आमचं डोकं कशाला शिणवलंस, भावा?" पेंटर म्हणाले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. "मी वैनींना भर चौकात टाकून बोललो. तुझ्या पायी."

"हो," मी म्हणालो.

मग मी रांगेतल्या बायकांनी काय सुचवले ते सांगितले: पिशव्या, दोरे, मीठ, गच्ची. खाली मान घालून ऐकणाऱ्या एका जुन्या पैलवानाने मधेच विचारले, "दोऱ्याचं कुणी सांगितलं?"

"तुमच्याच घरातून."

"आयला. घरात न्हाय कधी बोलली."

"तू विचारलंस कधी?" कुणीतरी म्हणाले, आणि तालीम हसली. त्या हसण्यात माझी सुटका नव्हती, पण मला खाली बसता आले. फेटा कुणालाच बांधला गेला नाही. तो पेठेत बराच काळ चेष्टेचा विषय झाला: बायकांना फेटा कोण बांधणार?

उठताना पेंटर म्हणाले, "उद्याला फळा पुसतोय. उत्तर लिव्हाय पायजे. काय लिव्हू?"

"घरी विचारून सांगतो."

यावर पुन्हा हसे झाले. पण मी खरोखरच घरी विचारले, आणि तिने ट्रंकेत साड्या भरता भरता मजकूर सांगितला. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एसटी स्टँडकडे निघालो तेव्हा तो फळ्यावर होता: डंक चालू राहील. डबे ठेवून जावे. डंकाच्या मालकीणबाई चंदगड तालुक्यात शिक्षिका म्हणून रुजू होत आहेत, चौकातर्फे अभिनंदन. शेवटचे दोन शब्द पेंटरनी पदरचे घातले होते. ती क्षणभर थांबली. त्या फळ्यापाशी एखादी बाई उभी राहून वाचते आहे, हे मी प्रथमच पाहत होतो.

"'शिक्षिका'ची वेलांटी चुकलीय," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली. मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. ते इतके थोडे उरू द्यायला नको होते.

त्यानंतर दर शनिवारी आमच्यापैकी एकजण एसटीत असे. पिशव्या आल्या, दोरे आले. सुरुवातीला तीन घरांच्या पिशव्यांच्या दोऱ्यांचे रंग मी चुकलो आणि आक्कांनी मला रांगेसमोर पुन्हा पुन्हा रंग म्हणायला लावले. माप त्या मला सांगत नसत. खोबरे, लसूण, सारे घरूनच तोलून बांधून आणत आणि मी ते न मोजता कुटत असे. रांग संपली, पण डबे वाढले. बायका सकाळी ठेवून जात, संध्याकाळी नेत. मीही प्रत्येक दोन घरांमध्ये मूठभर खडेमीठ इमानाने कुटून काढत होतो. चैत्र गेला, वैशाख गेला. पावसाळ्यातही मुसळांवर गोणपाट पडले नाही. मला वाटू लागले होते की आता सगळे मार्गी लागले, आणि तसे वाटले की मी उलट जास्तच अस्वस्थ होत असे.

आषाढात मी चंदगडला गेलो तेव्हा तिथे भिंतीदेखील ओल्या होत्या. शाळेशेजारच्या तिच्या खोलीत चुलीवर दोरी बांधून तिने कपडे वाळत घातले होते. शाळेतल्या मुलांनी दिलेली काजूची रोपे दारात पत्र्याच्या डब्यांत होती. मी आदल्या खेपेला आणलेली चटणीची बरणी तिने माझ्यापुढे ठेवली. चटणीला पाणी सुटले होते.

"इथली हवा," मी म्हणालो.

"हवा नव्हे. चाखून बघा."

मी बोटावर घेतली. तिखट होती, खमंग होती, आणि खारट होती.

"उखळातलं मीठ काढता की तसंच ठेवता?"

"काढतो."

"पुरतं काढता?"

पुरते निघत नसे. तळाशी थोडे राही, आणि ते पुढच्या घराच्या चटणीत जाई. मिरचीचे तिखट एकमेकींत जाऊ नये म्हणून मी सर्वांच्या चटणीत मीठ घालत होतो. म्हणजे वैशाखापासून साऱ्या पेठेने खारट चटणी खाल्ली होती. परतीच्या एसटीत मला डोळा लागला नाही. गडहिंग्लजपर्यंत मी दोऱ्यांचे रंग आठवत होतो आणि प्रत्येक रंगाबरोबर एकेक घर.

सोमवारी आक्का डबा ठेवायला आल्या. मी पट्टा थांबवला.

"आक्का, चटणी खारट होतेय का?"

"व्हय की. अक्षयतृतीयेपास्नं. आमी घरचं मीठ घालायचंच सोडलंय."

"सगळ्यांनी?"

"समद्यांनी."

"मग कुणी बोलला का नाहीत?"

त्यांनी डब्यातल्या पिशवीचा दोरा नीट बांधला, हिरवा, आणि उंबरा ओलांडताना म्हणाल्या, "विचारलंस कुठं?"

त्या दिवसापासून मिठानंतर मी उखळ ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसू लागलो. आता ती मुरगूडकडच्या शाळेत बदलून आली आहे, रोज येऊन जाऊन करते. डंक चालू आहे. संध्याकाळी बायका डबा न्यायला आल्या की मी प्रत्येकीला काहीतरी विचारतो, आणि त्या गेल्यावर उंबऱ्यात उभा राहतो. वाटत राहते, की विचारायचे ते वेगळेच होते.